वहीची बांधणी : यंत्र घेण्यापूर्वीचा हिशेब

(मालवण येथे बचत गटांतील भगिनी आणि लहान छपाई व्यावसायिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित भगिनींनो आणि बंधूंनो,

या व्याख्यानासाठी आपल्याकडून आलेला प्रश्न अगदी नेमका होता : गिऱ्हाइकाचे नाव छापून, त्याला हव्या त्या आकाराच्या वह्या करून विकायच्या असतील, तर परवडणारे बांधणीचे यंत्र कोणते? त्याचे उत्तर मी देणार आहे, परंतु थोडे उशिरा. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते आणि ती समोर दिसते. मात्र ते यंत्र कागदाला ज्या मापाची भोके पाडते, त्या मापाचा माल पुढे वर्षानुवर्षे विकत घ्यावा लागतो, आणि खरेदीच्या वेळी त्याची चौकशी कोणी करत नाही. माझे आजचे सारे म्हणणे या भोकांच्या मापाभोवतीच आहे.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. भजनी मंडळाची वही हार्मोनियमसमोर सपाट उघडी राहिली पाहिजे, कारण बुवांचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मिटणारी वही त्यांना चालतच नाही. आंबा बागायतदाराला फवारणी, तोड आणि रवाना झालेल्या पेट्या यांची नोंद ठेवायची असते. ती वही हंगामभर पिशवीत फिरते आणि पुढच्या वर्षी ताडून पाहण्यासाठी जपली जाते. मच्छीमाराच्या वहीत डिझेल, बर्फ आणि खलाशांचे वाटे लिहिले जातात, तेही ओलसर हातांनी. होमस्टेवाल्यांना पाहुण्यांनी सोबत न्यावी अशी देखणी, पातळ वही हवी असते. या चौघांना एकाच यंत्रावर केलेली वही देऊ पाहणारा माणूस त्यांतल्या दोघांची तरी गैरसोय करणार.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा, ही बांधणीच्या सामानाची कठोर परीक्षा आहे. साधी लोखंडी पिन येथे एका पावसाळ्यात तांबूस होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात घडीवर डाग सोडते. मैद्याची खळ वापरली तर बुरशी, झुरळे आणि कसर यांना आमंत्रण मिळते. म्हणूनच जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असल्यामुळे घरात, मुलाबाळांच्या वावरात तो प्रयोग करू नये. आता पांढरा सिंथेटिक गोंद सर्वत्र मिळतो. तो पातळ थरात लावावा आणि पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ द्यावा.

हवेचाच एक परिणाम कागदावर होतो. कागदातील तंतू एका दिशेने झुकलेले असतात आणि दमट हवेत कागद त्या दिशेला आडवा फुगतो. तंतू कण्याला, म्हणजे वही जेथे बांधली जाते त्या कडेला, समांतर असतील तर वही सपाट राहते. आडवे असतील तर कण्यापाशी लाटा उठतात आणि पुठ्ठा वाकतो. बाजारात रिमने मिळणाऱ्या ए४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, आणि तो कागद मधोमध दुमडून ए५ आकाराची वही केली की ते नेमके कण्याला आडवे येतात. पातळ वहीत हे खपून जाते. जाड, पुठ्ठ्याच्या वहीसाठी मात्र मोठा कागद आणून तो हव्या दिशेने कापून घ्यावा. दिशा ओळखणे सोपे आहे : कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या बाजूने तो कमी विरोध करतो त्या घडीला तंतू समांतर असतात.

आता पद्धतींकडे वळतो. यंत्राशिवाय होणाऱ्या दोन पद्धतींचा विचार सर्वांनी प्रथम करावा असे मला वाटते.

पहिली मधल्या घडीवर पिना मारण्याची. ए४ आकाराचे १६ कागद एकात एक घालून दुमडले की ए५ आकाराची ६४ पृष्ठांची वही होते. घडी कागदाच्या कडेपासून १४८.५ मिलिमीटरवर येते, त्यामुळे साधा स्टेपलर तेथपर्यंत पोहोचत नाही; लांब हाताचा स्टेपलर घ्यावा, किंवा साधा स्टेपलर पूर्ण उघडून जाड खोक्याच्या पुठ्ठ्यावर पिन टोचावी आणि तिचे पाय हाताने मोडावेत. आतले कागद बाहेरच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर पुढे येतात, म्हणून पिना मारून झाल्यावर मोकळी कड कापून घ्यावी लागते. गंजाचे मी सांगितलेच आहे. स्टेनलेस पिना मिळाल्या तर त्याच घ्याव्यात.

दुसरी पद्धत दोऱ्याची, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. आपल्याकडे दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ठेवल्या जाणाऱ्या तांबड्या कापडाच्या चोपड्या दोऱ्यानेच शिवलेल्या असत, संतांच्या अभंगांची जुनी बाडेही तशीच, आणि त्यांतली कित्येक आजही उघडून वाचता येतात. घडीवर पाच भोके टोच्याने पाडायची, मधल्या भोकातून सुई आत घालायची, दोन्ही टोकांपर्यंत जाऊन परत यायचे आणि मध्येच गाठ मारायची. हात बसला की एका पातळ वहीला काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. जाड वही हवी असेल तर चार-पाच कागदांचे जुज, म्हणजे एकात एक घालून दुमडलेले गठ्ठे, करून ते साखळी टाक्याने एकमेकांना जोडावेत. अशी वही कोणत्याही पानावर सपाट उघडते. भजनी मंडळाला मी हीच सुचवेन.

दोरा कोणता घ्यावा, हे आपल्या किनाऱ्यावर विचारावे लागू नये, कारण जाळी विणण्याचे नायलॉनचे सूत येथे सहज मिळते आणि ते कुजत नाही. परंतु एकेरी तंतूचे, काचेसारखे गुळगुळीत सूत घेऊ नये. त्याची गाठ सुटते आणि ताण दिला की ते कागद कापते. अनेक धाग्यांचे पीळ दिलेले बारीक सूत घ्यावे, किंवा जाड सुती दोऱ्याला मेण चोळून तो वापरावा. मेणामुळे दोरा भोकात अडकत नाही आणि पाणीही कमी शोषतो. टोचा, सुई, मेण, दोरा आणि पट्टी, एवढीच या पद्धतीची गुंतवणूक आहे. हिची मर्यादा वेळेची. वीस वह्यांची मागणी आनंदाने पुरी होते, दोनशेंची झाली की घरातील सर्वांना बसवावे लागते.

मग यंत्र केव्हा? मागणी नियमित होईल तेव्हा. उदाहरणापुरते समजा, यंत्र ६,००० रुपयांना पडले. वर्षात १०० वह्या झाल्या तर पहिल्या वर्षी प्रत्येक वहीवर यंत्राचेच ६० रुपये चढतात. ६०० झाल्या तर १० रुपये. पहिल्या आकड्यावर धंदा उभा राहत नाही. तोपर्यंत गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून दर वहीमागे पैसे देऊन बांधून घ्यावे. त्यात नफा कमी होतो खरा, परंतु आपले गिऱ्हाईक कोणत्या आकाराची, किती पानांची वही मागते याची माहिती जमा होते, आणि यंत्र निवडताना तीच कामी येते.

यंत्रावरच्या बांधण्या मुख्यतः तीन. कोंब म्हणजे प्लास्टिकच्या फणीची बांधणी. तिची भोके आयताकृती, ए४ लांबीला २१. यंत्र स्वस्त, फणी पुन्हा उघडून पाने घालता येतात, परंतु वही पूर्ण मागे दुमडत नाही आणि फणीचे दात लवकर तुटतात. कार्यालयातल्या अहवालांना ती ठीक आहे. विकाऊ वहीला मी ती घेणार नाही.

स्पायरलची भोके गोल, सहसा इंचाला चार. प्लास्टिकचे वेटोळे फिरवत आत न्यायचे आणि दोन्ही टोके कापून मुडपायची. प्लास्टिक गंजत नाही, दबले तरी पुन्हा आकारावर येते, वही पूर्ण मागे वळते. दोष एकच : उघडल्यावर समोरासमोरची पाने किंचित वरखाली राहतात, त्यामुळे दोन्ही पानांवर सलग जाणारा तक्ता जुळत नाही. मच्छीमारांच्या आणि शाळकरी मुलांच्या वह्यांना स्पायरलच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायरो म्हणजे दुहेरी कड्यांच्या धातूच्या वायरची बांधणी. ती दिसायला सर्वांत देखणी. पाने समोरासमोर अचूक जुळतात आणि वही पूर्ण वळते. तिचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. इंचाला तीन भोकांच्या मापाची वायर १४ मिलिमीटर व्यासाच्या कड्यांपर्यंत मिळते. त्याहून मोठ्या कड्यांची वायर इंचाला दोन भोकांच्या मापाची असते आणि तिला वेगळे यंत्र लागते. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे १०० पानांची वही १० मिलिमीटर भरली. त्यात वरखालचे पुठ्ठे आणि पाने मोकळी फिरण्यासाठी दोन मिलिमीटर धरले की अर्धा इंची वायर लागते आणि तीही जेमतेम पुरते. म्हणून तीन भोकांचे यंत्र घेणाऱ्याने १०० पानांच्या वर मागणी स्वीकारू नये.

आता वायर वाया कशी जाते ते पाहा. ए४ लांबीच्या वायरला ३४ कड्या असतात. ए५ वही लांब बाजूने बांधली तर २४ कड्या लागतात आणि १० उरतात; उरलेल्या तुकड्याची एखादी चिमुकली टिपणवहीच होऊ शकते. तीच ए५ वही वरच्या, म्हणजे आखूड बाजूने बांधली तर १७ कड्या लागतात आणि एका वायरमध्ये बरोबर दोन वह्या होतात. खिशातली ए६ वही लांब बाजूने बांधली तरी १७च. बागायतदारांच्या नोंदवहीला वरून उलटणारी पाने सोयीची असतात, उभ्याने एका हातात धरून लिहिता येते. त्यामुळे येथे काटकसर आणि सोय एकत्र येतात. लांब बाजूनेच बांधायचे असेल तर कापलेल्या वायरीऐवजी रीळ परवडते का, ते विचारावे.

कोंब, स्पायरल आणि वायरो या तीन मापांपैकी एकाचाही माल दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. आपल्याकडे माल बहुधा घाटावरून किंवा मुंबईहून येतो, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तो अडकतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; नव्या हंगामाच्या वह्यांची मागणी याच दिवसांत येते, आणि माल अडकण्याचे दिवसही हेच. मेअखेरीस वायर आणि वेटोळी भरून ठेवावीत. ती वायर उघड्यावर ठेवू नये. तिच्यावर लेप असला तरी कापलेल्या टोकांना उघडे पोलाद असते. बांधून झाल्यावर त्या टोकांना रंगहीन नेलपॉलिशचा थेंब लावला तर गंज बराच लांबणीवर पडतो, आणि वायरचा जोड मागच्या पुठ्ठ्याच्या आत वळवला तर तो दिसतही नाही आणि कपड्यात अडकतही नाही.

गरम गोंदाच्या बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकासारखा चौकोनी कणा पाहून अनेकांना ती भुरळ घालते. ती वही सपाट उघडत नाही, जोर दिला की पाने सुटतात, आणि उन्हात बंद गाडीत राहिली तर गोंद मऊ पडतो. लिहिण्याच्या वहीला ती टाळावी. चकत्यांची बांधणी, जिच्यात पाने काढून पुन्हा बसवता येतात, ती हौसेची आहे. चकत्या महाग पडतात आणि येथे सहज मिळत नाहीत.

तर मग आता मूळ प्रश्नाचे उत्तर. सुरुवात दोऱ्याने करावी. मागणी वाढली की दुसऱ्याच्या यंत्रावर बांधून घ्यावे. आणि स्वतःचे यंत्र घ्यायचेच झाले तर हाताने चालणारे, एकाच मापाचे घ्यावे. गिऱ्हाईक किनाऱ्यावरचे आणि शाळेतले असेल तर स्पायरलचे, पर्यटक आणि बागायतदार असतील तर तीन भोकांच्या वायरोचे. कोंब आणि वायरो दोन्ही करणारे जोडयंत्र स्वस्त वाटते, परंतु त्यातली एक बाजू पुढे धूळ खात राहते. विजेचे यंत्र आपल्या वीजपुरवठ्याच्या भरवशावर घेऊ नये.

यंत्र पाहायला जाताना चार गोष्टी तपासाव्यात. आपला स्वतःचा कागद आणि पुठ्ठा सोबत न्यावा, दुकानातल्या नमुन्यावर विसंबू नये. एका दाबात किती कागद टोचले जातात ते मोजावे : हातयंत्रे बहुधा दहा-पंधरा घेतात, म्हणजे १०० पानांच्या वहीला सात ते दहा दाब, आणि दोनशे वह्यांचा हिशेब दीड-दोन हजार दाबांवर जातो, खांद्याला झेपेल ना, हे तेथेच ठरवावे. भोके पाडणाऱ्या खिळ्यांपैकी हवे ते मागे ओढून बंद करता येतात का, हे अवश्य पाहावे. ती सोय नसेल तर ए५ किंवा ए६ कागदाच्या कडेला अर्धे भोक पडते आणि तेथूनच पान फाटू लागते, मग सगळी काटकसर व्यर्थ. जुने यंत्र मिळत असेल तर एकच पातळ कागद टोचून उजेडात धरावा. भोकांच्या कडांना तुसे दिसली तर धार गेली आहे, आणि त्या यंत्राचे खिळे सुटे मिळतात की नाही याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.