पन्नास हजाराची ब्रेक स्टिक घ्यावी का

बसा, मागच्यांनी जरा पुढं या, अन् टेबलावर कोणी टेकू नका बाप्पा, नवीन कापड हाय. विषय पोट्ट्यांनीच काढला. रील पाहून पाहून सगळ्यांच्या डोक्यात एकच, का पूल खेळताना ब्रेकसाठी, म्हणजे बॉलचा ढीग फोडायच्या पहिल्या शॉटसाठी, वेगळी कार्बनची स्टिक असली म्हणजे पहिल्याच दणक्यात दोन-तीन बॉल पॉकेटात.

पहिले पैशाचं बोलू. बाहेरची नावाजलेली कार्बन फायबरची ब्रेक स्टिक इकडे आणेपर्यंत पन्नास हजाराच्या पुढं जाते. 2024-25ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 7,521 रुपये, म्हणजे जवळपास सात क्विंटल कापूस झाला, अन् तो पण हमीभावानं विकला तर, खेडा खरेदीत काय हातात पडते ते घरी बाबांना विचारून घ्या.

आता ही स्टिक करते काय, तर एक म्हणजे तुमची रोजची स्टिक वाचवते. ब्रेकचे दणके खाऊन खाऊन स्टिकच्या टोकावरची लेदरची टिप चपटी होते, कडेनं बाहेर येते, मग बारीक शॉटला स्पिन धरत नाही अन् तुम्ही म्हणता आज हात बसत नाही. म्हणून ब्रेकला वेगळी स्टिक पाहिजेच, यात माझं दुमत नाही. पण या कामासाठी कोपऱ्यातली कोणतीही सरळ स्टिक चालते ना!

दुसरं म्हणजे कडक टिप, अन् खरी गंमत तिथं आहे. लेदर धक्का थोडा खाऊन टाकते, फिनॉलिक, म्हणजे कडक प्लास्टिकसारखी टिप, फार कमी खाते. हात तोच, स्टिक तीच, फक्त टिप बदलली तर क्यू बॉलचा, म्हणजे पांढऱ्या बॉलचा, वेग साधारण पाच-सात टक्के वाढतो, म्हणजे 30 किलोमीटरचा ब्रेक 32 वर जातो. आता ही टिप येते काही शे रुपयांत. कोणत्याही जुन्या 19 औंसच्या स्टिकला चिकटवा, घासून गोल करा, झालं. त्या पन्नास हजारातल्या ताकदीचा मोठा भाग या नखाएवढ्या तुकड्यात आहे अन् दुकानदार हे काहून सांगंल तुमाले? एक मात्र ध्यानात ठेवा, फिनॉलिकला चॉक नीट धरत नाही, त्या स्टिकनं साइड स्पिन लावायला गेले का घसरते.

मग कार्बनचं काहीच नाही का, तर आहे. आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्री अन् जुलैत भिंतीला ओल, लाकडाची स्टिक त्यात वाकते, कार्बन वाकत नाही. शिवाय पुढचा भाग हलका असल्यानं मार क्यू बॉलच्या मधातून थोडा सरकला तरी बॉल कमी भरकटतो. पण मार मधातच बसला तर हा फायदा जवळपास शून्यावर येतो, अन् मार मधात बसवायला पैसे लागत नाहीत, रोज संध्याकाळी टेबल रिकामं असताना सत्तर टक्के ताकदीनं ब्रेक मारा अन् फुटलेल्या बॉलकडं पाहूच नका, क्यू बॉल कुठं थांबतो ते पाहा. टेबलाच्या मधात थांबला तर मार बरोबर, कडेच्या कुशनवर पळाला का मार कुठंतरी तिरपा बसला समजा. आपले पोट्टे शंभर टक्के ताकद लावतात, क्यू बॉल थेट पॉकेटात, अन् वरून म्हणतात स्टिक हलकी पडली.

आता रॅक, म्हणजे ब्रेकच्या आधी पंधरा बॉलची त्रिकोणी मांडणी. यावर कोणी बोलत नाही म्हणून मी जास्त बोलतो. टेबल सांभाळणाऱ्या मार्करनं रॅक लावला का लगेच मारू नका, खाली वाका, मागून मोबाइलचा टॉर्च धरा अन् पहिल्या बॉलच्या मागच्या दोघांकडं पाहा. उजेडाची बारीक रेघ दिसली म्हणजे फट आहे, अन् फट असली का ताकद एका बॉलकडून दुसऱ्याकडं जशी जायला पाहिजे तशी जातच नाही, पंधराचा ढीग नुसता हलतो अन् तिथंच बसून राहते. पूलच्या एट-बॉल प्रकारात ब्रेकला एक बॉल पॉट झाला पाहिजे नाहीतर किमान चार बॉल कुशनला लागले पाहिजे, आपल्याकडं ते पण होत नाही कधीकधी. फट काहून पडते? कापडावर पहिल्या बॉलच्या जागी खड्डा पडलेला असते, नाहीतर बॉल सारखे नसतात. बॉल 57.15 मिलिमीटरचा पाहिजे, वजन 156 ते 170 ग्रॅमच्या मधात. आपल्या तालुक्याच्या क्लबात तीन सेटचे बॉल मिळून एक सेट झालेला असते, एक घासलेला, एक टवका गेलेला, अशा बॉलचा घट्ट रॅक देव आला तरी लागणार नाही.

म्हणून मी म्हणतो, आठ-दहा जणांनी वर्गणी काढा अन् बेल्जियमचा अॅरामिथचा सेट घ्या, सोबत रॅक लावायची ती प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या. पन्नास हजारात हे सगळं होऊन पैसे उरतील, अन् ब्रेक एकाचा नाही, सगळ्यांचा सुधरंल.

अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंगचं नाव कोणीतरी घेतलं मघाशी. 2022चा नाइन-बॉल पूलचा वर्ल्ड चॅम्पियन, ब्रेक जबरदस्तच. पण त्याचा स्टिक बनवणाऱ्या क्युटेक कंपनीशी करार आहे भाऊ, तो स्टिकसाठी कापूस विकत नाही. अन् त्याला टेबल, कापड, बॉल, रॅक सगळं एक नंबर मिळते, तिथं दोन टक्क्यांचा फरक पण दिसते. तुमच्यातलं कोणी नागपूर-पुण्याच्या स्पर्धा नेमानं खेळत असंल, मार मधात बसत असंल, त्यानं घ्यावी खुशाल, मी अडवत नाही. बाकीच्यांनी टिप बदला.

वजनाचं विचारलं कोणीतरी. 19 वरून 21 औंस केलं तर हिशेबानं वेग दोनेक टक्के वाढतो, तो पण हात तेवढ्याच वेगानं फिरला तर, अन् जड स्टिकनं आपला हात तेवढा फिरत नाही. त्यामुळं 18-19च ठेवा. चला, टॉर्च काढा कोणीतरी, इथला रॅक पाहू.