वरून बरा दिसणारा डोळा

नमस्कार श्रोतेहो. शाळांना सुट्ट्या लागल्या की गल्लोगल्ली क्रिकेट रंगतं, आणि आमच्या ओपीडीत डोळ्याला मार लागलेली मुलं यायला लागतात. कुणाला चेंडू लागलेला, कुणाला विटी, कुणाला सोबत्याचं कोपर. डोळा टम्म सुजला, काळानिळा पडला की आईवडील धावत येतात, आणि ते बरोबरच आहे. पण आज मला बोलायचंय ते दुसऱ्या मुलाबद्दल. त्याचा डोळा वरून जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. लाली नाही, फारशी सूज नाही. म्हणून घरचे म्हणतात, "काही नाही झालंय, झोप गप." घाई खरं तर याच मुलाची करायची असते.

डोळा ज्या खोबणीत बसतो ती सात हाडं मिळून तयार झालेली असते. भुवईची आणि गालाची कड दणकट, पण आतल्या भिंती अगदी पातळ. कवटी उजेडासमोर धरली तर नाकाकडच्या भिंतीतून प्रकाश झिरपतो. खोबणीचा तळही नाजूक, आणि त्याच्याखाली गालातली पोकळी म्हणजे सायनस. समोरून दणका बसला की पुष्कळदा कड शाबूत राहते आणि तळ खाली ढासळतो. 1957 साली अमेरिकेत स्मिथ आणि रीगन या दोन डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून वरून हातोडा मारला, तेव्हा नेमकं हेच झालं. खोबणीतला दाब एकदम वाढतो आणि तळ फुटतो, असं त्यांचं म्हणणं. कडेला बसलेला धक्का तळापर्यंत पोचून हाड वाकतं नि मोडतं, असं दुसरं मत आहे. मला दोन्ही पटतात. हाड फुटून दाब निघून जातो आणि त्यामुळे अनेकदा नेत्रगोल वाचतो, हा यातला चांगला भाग.

मोठ्या माणसाचं हाड मोडलं की त्याचे तुकडे होतात. मुलांचं हाड लवचिक. ते फटीएवढं उघडतं आणि लगेच परत मिटतं, उंदराच्या पिंजऱ्याची झडप मिटावी तसं. डोळा फिरवणारा खालचा स्नायू किंवा त्याच्या भोवतीचा मऊ भाग त्या फटीत चिमटला, की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मुलाला वर बघवत नाही, बघायला गेलं तर कळ येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. शिवाय ओढल्या गेलेल्या स्नायूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूमार्गे हृदयापर्यंत जातो. नाडी मंदावते, मळमळतं, उलट्या होतात, कधी चक्कर येऊन मूल खाली बसतं. उलट्या बघून सगळ्यांना मेंदूची काळजी लागते. मेंदूचा स्कॅन होतो, तो चांगला येतो आणि मूल घरी जातं. डोळा तसाच अडकलेला.

म्हणून मार लागल्यावर सुजेपेक्षा डोळ्याच्या हालचालीकडे बघा. मुलाला समोर बसवा, हनुवटी हलकेच धरा म्हणजे डोकं हलणार नाही, आणि तुमच्या बोटाकडे बघायला सांगा. बोट वर न्या, खाली आणा, डावी-उजवीकडे फिरवा. एक डोळा वर गेला आणि दुसरा मध्येच थांबला, तर सकाळची वाट बघू नका. असा स्नायू शक्यतो 24 ते 48 तासांत सोडवावा लागतो. उशीर झाला तर तो आखडतो आणि दोन-दोन दिसणं कायमचं मागे लागू शकतं. तो सोडवताना आमचे भूलतज्ज्ञ मॉनिटरवरची नजर हलवत नाहीत. मी चिमट्यानं जरा ओढ दिली की ते म्हणतात, "थांबा, नाडी उतरतेय." मी हात सैल सोडतो, नाडी वर येते, मग पुन्हा थोडं.

निदानासाठी साधा एक्स-रे पुरत नाही. खोबणीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो. लाकडाची काडी आत राहिल्याची शंका असेल तर एमआरआय, पण धातूचा कण असेल तर एमआरआय अजिबात नाही.

मोठ्यांच्या बाबतीत बहुधा इतकी घाई नसते. गाल, वरचा ओठ, वरचे दात बधिर होतात, कारण तिथली नस या तळातूनच जाते. सूज उतरेपर्यंत थांबून साधारण दोन आठवड्यांच्या आत ठरवतो. दोन-दोन दिसणं टिकून असेल, डोळा दोन मिलिमीटरहून जास्त आत गेला असेल किंवा तळाचा निम्म्याहून मोठा भाग मोडला असेल, तर शस्त्रक्रिया. खालच्या पापणीच्या आतून छेद घेता येतो, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. तळाला टायटॅनियमची जाळी, सच्छिद्र प्लॅस्टिकचा पत्रा किंवा रुग्णाचंच हाड बसवतात. अनेकांना ऑपरेशनची गरजच पडत नाही. कोरियाचा फुटबॉलपटू सॉन ह्युंग-मिन नोव्हेंबर 2022 मध्ये डोळ्याभोवतीची हाडं मोडून घेऊन, शस्त्रक्रिया करून त्याच महिन्यात काळा मुखवटा लावून विश्वचषकात उतरला होता. त्याच्यामागे डॉक्टरांचा ताफा होता. तुम्ही आपले काही आठवडे मैदानापासून लांबच राहा.

दोन गोष्टींत मात्र मोठ्यांचीही गय नाही. डोळा बाहेर येऊ लागला, दगडासारखा घट्ट झाला, नजर अंधुक होत चालली, तर मागे रक्त साठतंय. तास-दीड तासात नजर जाऊ शकते, म्हणून कॅज्युअल्टीतच पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करतात. आणि बाहुली वेडीवाकडी दिसली, डोळ्यातून पाण्यासारखं काही आलं, तर नेत्रगोल फाटलेला असू शकतो. तो चोळू नका, दाबू नका. दूध, मध, एरंडेल यातलं काहीही घालू नका. वरून कागदी कप अलगद टेकवून चिकटपट्टीनं बसवा, कपाची कड गालाच्या आणि भुवईच्या हाडावर येईल अशी, आणि निघा.

खोबणीला मार लागला असेल तर नाक शिंकरू नका. सायनसमधली हवा फटीतून वर घुसते, पापणी क्षणात फुगते, आणि बोट लावलं तर कातडीखाली चुरचुरल्यासारखं लागतं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. मुलाला दवाखान्यात नेताना वाटेत बिस्किट-चहा देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. मार किती वाजता लागला, त्यानंतर किती उलट्या झाल्या, हे केस पेपर काढतानाच सांगा, आणि "वर बघता येत नाही" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. नमस्कार.