सशाच्या पाण्यात व्हिनेगर

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली सांगलीच्या विश्रामबागेत बघा, मिरजेत बघा, घरोघरी पांढरे ससे दिसायला लागलेत. मुलांचा हट्ट असतो, कुत्रं म्हटलं की सोसायटीवाले नाक मुरडतात, मग तोडगा म्हणून ससा येतो. आणि ससा आला की मागोमाग सल्ले येतात. सध्याचा सल्ला असा, की त्याच्या पिण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. म्हणजे लघवीचा वास जातो, पिसवा पळतात, मूतखडा होत नाही, अंगावर तुकतुकी येते. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो तरी लोक रस्त्यात थांबवून हेच विचारतात.

एक आधीच सांगून टाकतो. मी बोलतोय तो पाळीव सशाबद्दल. उसाच्या फडात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नका. त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि बहुतेक वेळा ते जगतही नाही.

तर व्हिनेगर. हरिपूर रस्त्याला आमच्या ओळखीचं एक घर आहे. नातीनं ससा आणला, नाव ठेवलं कापश्या. सूनबाईंनी मोबाईलवर वाचलं आणि कापश्याच्या बाटलीत रोज व्हिनेगर सुरू झालं. आजींना ते मुळीच पसंत नव्हतं. "मुक्या जिवाला आंबट पाणी कशाला पाजता?" पण आजींचं कोण ऐकतो? शिवाय कापश्या झकास होता. टुणटुणीत, डोळे चमकदार. सूनबाई भेटेल त्याला सांगायच्या, "बघा, व्हिनेगरचा गुण!"

मे महिन्यात मंडळी कराडला लग्नाला गेली. कापश्या पिंजऱ्यात, पिंजरा पडवीत. शेजारच्या मुलानं गवत टाकायचं, पाणी बदलायचं, आणि पाण्यात व्हिनेगर घालायला विसरायचं नाही, असं त्याला दहादा बजावलेलं. पोरगं शहाणं, त्यानं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

परत येऊन बघतात तर कापश्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला. गवताला तोंड लावेना. लेंड्या एरवी हरभऱ्याएवढ्या, त्या मिऱ्याएवढ्या झालेल्या, त्याही चार-दोन. मला फोन आला, मी गेलो. पिंजऱ्याची बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली! म्हटलं, "सूनबाई, हा पाणी किती पितो?" "रोज बदलते की काका." "बदलता हो, पण पितो किती?" आता त्या गप्प. उरलेलं पाणी त्या रोज कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायच्या. किती उरलंय, हे कधी बघितलंच नव्हतं. कढीपत्ता मात्र चांगला तरारला होता.

मी विचारलं, "एरवी हा दिवसभर असतो कुठे?"

आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "माझ्या माठापाशी. माठ पाझरतो, खाली परात ठेवलीय. त्यातलं पितो. माझ्यादेखत पितो."

"अहो, मग आधी बोलला का नाही?"

"मला विचारलं कुणी?"

घ्या! इतके दिवस व्हिनेगरचा म्हणून जो गुण सांगत होते, तो आजींच्या परातीतल्या साध्या पाण्याचा. आजींनी वाटीत माठाचं पाणी आणून पुढे ठेवलं. आधी नुसतं हुंगलं, मग हनुवटी बुडवून प्यायला लागला. मिशांवरून थेंब गळतायत, गळा हलतोय, थांबायचं नाव नाही. तरी मी त्याला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायला लावलं. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन, "काका, लेंड्या झाल्या!" पोराचा दहावीचा निकाल लागला तरी माणूस इतकं ओरडत नाही.

म्हणून सांगतो, ससा पाणी किती पितो ते बघा. रात्री बाटलीवर पेनानं खूण करा, सकाळी बघा. दोन किलोचा ससा दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पितो, उन्हाळ्यात जास्त. हिरवा पाला खात असेल तर थोडं कमी. पाण्याची चव बिघडली की तो पिणं सोडतो. पाणी पिणं सुटलं की आतडं मंदावतं, लघवी दाट होते. म्हणजे मूतखडा टाळायला जे घातलं, त्यानंच खड्याला वाट.

आणि व्हिनेगरमधलं आम्ल सशाला नवीन नाही. त्याच्या पोटातले जिवाणू गवत आंबवून तेच आम्ल रोज तयार करतात. शरीर ते जाळून टाकतं, लघवीपर्यंत ते आम्ल म्हणून पोचत नाही. सशाची लघवी गढूळ, पांढरट असते, कारण जास्तीचं कॅल्शियम तो लघवीवाटे टाकतो. ते कमी करायचं तर मोठ्या सशाची लसूणघास कमी करा, हरळी आणि वाळलेलं डोंगरी गवत वाढवा.

तांब्या-पितळेच्या भांड्यात तर व्हिनेगर घालूच नका, कळकतं. ताकामुळे हे आपल्याला ठाऊक आहे. कल्हईवाला आता दारावर येत नाही, सगळं स्टीलचं झालं. स्टीलनं आमटीची चव घालवली असं माझं मत आहे, पण आमच्या घरात ते कुणाला पटत नाही. असो.

व्हिनेगर आणलंच असेल तर पिंजऱ्याच्या ट्रेवर ओता. लघवीचा पांढरा थर फसफसतो, पंधरा मिनिटांत सुटतो. घासा, साध्या पाण्यानं धुवा. वास जातो. प्यायला मात्र साधं पाणी, आणि ससा किती पितो ते बघा.

बारा तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर उद्यावर ढकलू नका, डॉक्टर गाठा. सशांवर उपचार करणारे डॉक्टर गावोगाव नसतात. कोण आहेत ते आजच विचारून ठेवा, नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. नमस्कार.