सोपान डोंगराचा, सोपान पाण्याचा

(माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : शाळेचा व्हरांडा, भिंतीला टेकवलेल्या पाठपिशव्या, मध्ये वजनकाटा)

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेच्या व्हरांड्यात आज किराणा दुकानातून मागून आणलेला वजनकाटा ठेवला आहे. गळ्यात स्कार्फ बांधलेली स्काउट पथकातली सात मुले आपापली पाठपिशवी त्यावर ठेवतात आणि समोर येणारा आकडा वहीत उतरवून घेतात. पिशवीचे ओझे अंगाच्या वजनाच्या चौथाईहून अधिक असू नये, असा या पथकाचा नियम आहे. आठवीतल्या एका मुलाचे वजन चौतीस किलो आहे आणि त्याची पिशवी भरली आहे साडेनऊ किलो. पिशवी पुन्हा उघडली जाते. दुसरी चादर बाहेर येते, जाडजूड वही बाहेर येते, आणि तळाशी आईने ठेवलेला लाडवांचा डबा सापडतो. डबा घरी परत जात नाही, त्यातले लाडू सात पिशव्यांत वाटले जातात. मग अंथरूण तळाला, शिधा आणि पाण्याची बाटली पाठीला लागून खांद्यांच्या उंचीवर, आणि पावसाळा संपला असला तरी रेनकोट सगळ्यांत वर, अशा क्रमाने पिशवी नव्याने भरली जाते. जड वस्तू पाठीपासून लांब राहिली की पिशवी माणसाला मागे ओढते, हे या मुलांना कोणी फळ्यावर शिकवलेले नाही. मागच्या महिन्यात अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर त्यांचे ते खांद्यांनीच शिकून झाले आहे.

ही मुले राज्य पुरस्काराची तयारी करीत आहेत. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेच्या अभ्यासक्रमात प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय असे तीन सोपान येतात, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, अंतर आणि उंचीचा अंदाज, उघड्यावरचा स्वयंपाक, मुक्काम आणि पायी सहल, ज्याला सगळे ‘हाइक’ म्हणतात, या सर्वांतून जावे लागते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवावी लागते. पुरस्कार मिळालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुणांची सवलत असल्यामुळे पालकही त्याची आवर्जून चौकशी करतात. त्यात गैर काही नाही. मात्र गुणांसाठी केलेली हाइक आणि पायांनी केलेली हाइक यांतला फरक अहवालाच्या पहिल्या पानावरच कळतो, असे या पथकाचे स्काउट मास्तर सांगतात, आणि आम्ही चार अहवाल वाचल्यावर आम्हालाही तो कळू लागला.

(दृश्य : संगम माहुलीचा घाट, सकाळ)

साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुली येथे वेण्णा कृष्णेला मिळते. नदी न ओलांडता तिची रुंदी काढणे हे आजचे काम आहे. संघनायक काठावर ताठ उभा राहतो, टोपीची कड हळूहळू खाली ओढतो आणि ती समोरच्या काठाच्या पाणरेषेला टेकल्यासारखी दिसली की थांबतो. आता मान जराही न हलवता तो सगळ्या शरीरासह काटकोनात वळतो आणि त्याच कडेखाली आपल्याच काठावरची कोणती जागा दिसते ते पाहतो. तिथे एक दगड आहे. उभ्या जागेपासून त्या दगडापर्यंतची पावले मोजली की नदीची रुंदी मिळते. या रीतीला नेपोलियनचे नाव चिकटले आहे. पहिल्या मुलाचे उत्तर आणि तिसऱ्या मुलाचे उत्तर यांत अकरा पावलांचा फरक पडतो, कारण तिसऱ्याने वळताना हनुवटी उचललेली असते. तो पुन्हा उभा राहतो. या वेळी मित्र त्याच्या हनुवटीखाली मूठ धरून ठेवतो आणि फरक दोन पावलांवर येतो.

इथेच, घाटाच्या वरच्या मोकळ्या जागेत, दोनच काड्यांत चूल पेटवण्याचा सराव होतो. वाळलेले गवत, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, त्यावर जरा जाड लाकूड, आणि वाऱ्याकडे पाठ. पहिली काडी विझते. दुसरी काडी पेटवण्यापूर्वी तो मुलगा गवत सोडवून पुन्हा सैल रचतो, आणि आमच्या मते त्याची परीक्षा त्या अर्ध्या मिनिटातच झाली. घाईने दुसरी काडी ओढणारी मुलेही आम्ही त्या सकाळी पाहिली. त्यांना पुढच्या रविवारी यावे लागणार आहे.

(दृश्य : कासच्या पठारावरून उतरणारी एसटी, खाली शिवसागरचे पाणी)

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पथक बामणोलीला निघते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कासच्या पठारावरून पलीकडे उतरले की कोयना धरणाचा जलाशय दिसतो. त्याला शिवसागर म्हणतात. या पाण्याखाली कोयनेच्या खोऱ्यातील अनेक गावांची शेते, घरे आणि देवळे आहेत, आणि काठावर उरलेल्या वस्त्यांसाठी होडी व लाँच हीच वाट झाली आहे. पलीकडच्या घनदाट रानात वासोटा उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा किल्ला घेतला आणि त्याला व्याघ्रगड हे नाव दिले. आज तो कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. पावसाळ्यात तो बंद असतो, एरवी वन विभागाची परवानगी घेऊन जावे लागते, किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही आणि अंधार पडण्याच्या आत रानाबाहेर यावे लागते.

वासोट्याची वाट सुरुवातीला एका ओढ्याजवळच्या मारुती-गणपतीपासून निघते आणि लगेच झाडीत शिरते. ऊन जमिनीवर ठिपक्याठिपक्यांनीच पडते. गवा आणि अस्वल यांचा हा मुलूख असल्याने मुलांनी एका ओळीत आणि हलक्या आवाजात चालायचे असते. तासाभराने आठवीतला तो चौतीस किलोचा मुलगा मागे पडू लागतो. तो काही बोलत नाही. संघनायक मात्र रांगेच्या शेवटी चालत असल्याने त्याच्या पावलांतला बदल हेरतो आणि सगळ्यांना थांबवतो. बूट निघतो, मोजा निघतो. टाचेला रुपयाएवढी जागा लाल झाली आहे, फोड अजून आलेला नाही. प्रथमोपचाराच्या डब्यातून चिकटपट्टी निघते, कातडी कोरडी पुसली जाते, पट्टी सुरकुती न पडता बसवली जाते आणि मोजा उलटा करून, शिवण बाहेर ठेवून, पुन्हा घातला जातो. सगळे मिळून सहा मिनिटे जातात. फोड फुटल्यावर हीच गोष्ट परतीचे चार तास खाऊन गेली असती. त्या दिवशीच्या अहवालात एका मुलाने लिहिले आहे : ‘दुखू लागल्यावर सांगायचे नसते, दुखेल असे वाटल्यावर सांगायचे असते.’

वर बिनछपराचे मारुतीचे देऊळ आहे, महादेवाचे देऊळ आहे, पाण्याचे टाके आहे आणि बाबुकड्याची ती अर्धगोल, छाती दडपणारी खोली आहे. मुले कड्यापासून दहा पावले अलीकडे पालथी पडून खाली पाहतात. होकायंत्र काढून नागेश्वरच्या सुळक्याची दिशा घेतली जाते, जुन्या वासोट्याच्या डोंगराची घेतली जाते. भाकरी, ठेचा आणि ते वाटलेले लाडू खाऊन झाल्यावर कागदाचा कपटादेखील पिशवीत परत जातो. डोंगर ही साताऱ्याच्या मुलांच्या अंगातली गोष्ट आहे. शाळेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, सुट्टीत सज्जनगड होतो, मोठ्या भावाबरोबर पांडवगड किंवा कल्याणगड झालेला असतो. त्यामुळे चढण, दरड, तहान, उतारावरचा गुडघा हे सगळे त्यांना थोड्या सरावाने जमते.

(दृश्य : परतीची लाँच, मुले बाकांवर ओळीने बसलेली)

आणि आता ही लाँच पाहा. पलीकडे जाताना एक तासाहून अधिक काळ आणि येताना तेवढाच काळ ही सात मुले पाण्यावर होती, पण प्रवासी म्हणून. इंजिनाने त्यांना नेले आणि आणले. हा माहितीपट करावासा आम्हाला वाटला तो याच दृश्यामुळे.

अमेरिकेतील बालवीर चळवळीत ५० मैलांचा एक पुरस्कार आहे. हे अंतर, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर, सलग किमान पाच दिवस घेऊन पायी किंवा वल्ह्याच्या होडीने कापायचे, मोटारीची मदत घ्यायची नाही, आणि त्याच प्रवासात प्रत्येकाने किमान दहा तास वाट, झरा किंवा मुक्कामाची जागा दुरुस्त करण्यात घालवायचे. या नियमात जमीन आणि पाणी एकाच मापाने मोजले आहेत, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. चळवळीचा आरंभही पाण्याशेजारीच झाला होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये पहिले प्रायोगिक शिबिर घेतले ते इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर. बेटावर जायचे म्हणजे होडी आलीच. आपल्याकडेही सागरी स्काउटची शाखा आहे, पण सागर साताऱ्यापासून दूर असला तरी कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी आणि तारळी दूर नाहीत. एवढ्या नद्यांच्या आणि धरणांच्या जिल्ह्यात छातीवर पुरस्काराचे बोधचिन्ह लावलेल्या मुलाने आयुष्यात एकदाही वल्हे हातात धरलेले नसावे, ही उणीव आम्हाला टोचते.

ती का टोचते, हे कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर सांगलीने पाहिले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. होडीत किती माणसे बसावीत, वजन कुठे असावे, उभे राहिल्याने काय होते, जीवरक्षक जाकिटाचा पट्टा किती घट्ट असावा आणि पाण्यात पडल्यावर होडी सोडायची नाही, या गोष्टी पुराच्या दिवशी शिकता येत नाहीत.

(दृश्य : दुसरा दिवस, बामणोलीचा काठ, वल्ह्याची लहान होडी)

दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाने काठावरच्या एका नावाड्याची साधी होडी मागितली. आधी जमिनीवर तासभर काम झाले. प्रत्येकाने जाकीट घातले आणि मागे उभ्या असलेल्या मित्राने ते दोन्ही खांद्यांना धरून वर ओढले. हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे पुन्हा आवळायचे. मग दोरी आली. बोलाइन ही गाठ मुलांना पाठ होती, ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि पुन्हा बिळात शिरतो, हे ते झोपेतही म्हणतील. पण स्काउट मास्तरांनी दोरी पाण्यात बुडवून दिली आणि ती कमरेभोवती एका हाताने बांधायला सांगितली. ओल्या, गार दोरीने सातपैकी पाच जणांची गाठ पहिल्या खेपेला सुटली. शाळेच्या वर्गात हीच मुले दहा सेकंदांत ती बांधत होती.

होडीत एका वेळी तिघेच बसले, चौथा नावाडी. पहिल्या तिघांनी जोर लावला आणि होडी जागच्या जागी फिरली. दोघे उजवीकडे जोर करीत होते आणि एकटा डावीकडे. काठावर नावाड्याचा सातवीतला मुलगा उभा होता. त्याच्या शाळेत स्काउटचे पथक नाही. बराच वेळ पाहून तो म्हणाला, ‘‘वल्हं खुपसू नगा. पाणी मागं ढकला, मंग उचला.’’ नावाड्याने त्याला होडीत घेतले. तो मागच्या टोकाला बसला, वल्हे पाण्यात उभे घातले, मागे ओढले आणि शेवटी मनगट किंचित बाहेर वळवले, तशी होडीचे नाक सरळ झाले. कॅनो चालवणारे जगभर मागच्या टोकाला बसून हीच वळवण शिकतात, तिच्या मार्गाचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा होतो म्हणून तिला त्याच अक्षराचे नावही आहे. या मुलाला ते नाव ठाऊक नव्हते. त्याने ती वळवण दहा वेळा करून दाखवली आणि अकराव्या वेळी वल्हे संघनायकाच्या हातात दिले.

दुपारपर्यंत सातही जण काठापासून समोरच्या वठलेल्या झाडापर्यंत जाऊन आले. अंतर फार नव्हते. आठवीतल्या त्या मुलाने चिकटपट्टी लावलेली टाच वर धरून, पुढच्या बाकावर बसून वल्हे मारले आणि झाडाला वळसा घालताना पहिल्यांदाच हाक दिली की आपण थकलो आहोत, जागा बदलू या. होडी थांबवून, खाली वाकून, होडीच्या दोन्ही कडांना धरून जागा बदलली गेली.

संध्याकाळी एसटीची वाट पाहत मुले काठावर अहवाल लिहीत बसली होती. वासोट्याच्या भागाला प्रत्येकाची तीन-चार पाने गेली. होडीच्या भागाला ठरावीक रकाना नव्हता, तेव्हा संघनायकाने पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिले, ‘पाणी’. त्याखाली तारीख, वाऱ्याची दिशा, होडीतील माणसांची संख्या आणि शिकवणाऱ्याचे नाव अशा ओळी त्याने ओढल्या. शेवटच्या ओळीसमोर सही घेण्यासाठी तो वही घेऊन उठला आणि नावाड्याच्या त्या सातवीतल्या मुलाला शोधायला उताराकडे गेला.