जुन्या वळणाची नवी डायल: सोलापुरातलं एक घड्याळ

घड्याळाचं मशीन कितीही भारी घ्या, केस म्हणजे बाहेरचं कवच कितीही चकचकीत घ्या, दिवसभर माणूस बघतो ती डायलच. आणि घरी घड्याळ जुळवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ होतो तोही डायल निवडताना, कारण फोटो बघूनच जीव जडतो आणि मापं बघायची राहून जातात.

आपण आत्ता आहोत सोलापुरात, नवी पेठेत, घड्याळ दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालूच आहेत, आत काउंटरवर झाकणाखाली एक मशीन ठेवलंय, बाजूला 36 मिलिमीटरची स्टीलची केस आणि कागदाच्या पुडीत तीन डायल. हे सगळं जमवलंय माझ्या मावसभावानं. तो जेकार्ड चादरींची डिझाइनं काढतो, आणि हे घड्याळ त्याला अण्णांसाठी, म्हणजे त्याच्या वडिलांसाठी बनवायचंय.

अण्णांचं मूळ घड्याळ हे बघा, एचएमटी जनता. मिलमध्ये होते तेव्हा घेतलेलं, हातानं चावी भरायचं, 17 ज्वेलचं, म्हणजे आतली चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेल्या 17 खड्यांचं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळांचं काम हातात घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं जावयाला मानपानात द्यायचं तर एचएमटी, पोरगा पास झाला तर एचएमटी, साहेब रिटायर झाले तरी एचएमटीच. 2016 मध्ये केंद्र सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. अण्णांचं घड्याळ अजून चालतंय पण डायलवर डाग पडलेत, कडेला रंग फुगलाय, आणि घरातल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं होतं की अरे हीच डायल रंगवून घे की, नवीनच्या नवीन होईल.

ते करायचं नव्हतं, आणि का नव्हतं हे दुकानाच्या काकांनी भिंगाखाली दाखवलं. डावीकडे अण्णांची डायल, उजवीकडे बाजारात फिरून आलेली, परत रंगवलेली त्याच मॉडेलची डायल. डावीकडच्या मिनिटांच्या रेघा बघा, सगळ्या एका जाडीच्या, सगळ्या एकाच गोलावर जाऊन थांबतात, अक्षरांची कड स्वच्छ आहे. कारखान्यात कोरलेल्या पत्र्यात शाई भरतात, जास्तीची पुसून घेतात, उरलेली मऊ पॅडनं उचलून डायलवर ठेवतात, आणि रंग दोन असले तर हे सगळं दोनदा. आता उजवीकडे बघा, अक्षरं सुजलेली, बाराच्या डोक्यावरची रेघ थोडी सरकलेली, आणि खालचा रंग इतका भडक की तसा कारखान्यानं कधी दिलाही नसेल. असली घड्याळं इंटरनेटवर ढिगानं विकली जातात आणि घेणाऱ्याला वाटतं जुनं मिळालं. एकदा मूळ छपाई खरवडली की ती परत येत नाही, म्हणून माझं ठाम मत आहे, डागाळलेली का असेना, मूळ डायल असेल तर तिला हात लावू नका. हौस भागवायला नवीन घड्याळ जुळवा, जुन्या वळणाची नवी डायल घ्या, आणि जुनं आहे तसं जपा.

आता मापं. भावानं मशीन घेतलंय एनएच 38, सीको गटाचं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं, तारीख नसलेलं. ह्या एनएच कुटुंबासाठी बाजारात ज्या डायल मिळतात त्या बहुतेक 28.5 मिलिमीटरच्या. पण व्यास जुळला म्हणजे डायल बसली असं नाही. डायल उलटी करा, मागे दोन बारीक पाय दिसतील, हे पाय मशीनच्या भोकात जातात आणि डायल जागेवर धरतात. ईटीए 2824 ह्या स्विस मशीनसाठी बनवलेल्या डायलचे पाय वेगळ्या जागी असतात, आणि एनएचमध्येसुद्धा चावी तीनच्या आकड्यापाशी की चारच्या ह्यावर पायांची जागा बदलते. काहीजण पाय कापून टाकतात आणि चिकट गोळ्यांवर डायल बसवतात. चालतं तसं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात, बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीला, गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ राहिलं तर त्या गोंदाचा भरवसा मी तरी देणार नाही. पायांची डायल मिळत असताना गोंदावर जाऊच नये.

तारखेचं पण आधीच ठरवा. मशीन तारखेचं आणि डायलला खिडकी नाही, असं झालं तर घड्याळ चालेल, पण चावी ओढली की मधे एक रिकामा टप्पा लागतो, आत तारीख फिरत असते आणि बाहेर काहीच दिसत नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघतो रे. म्हणून 38.

आणखी एक गोष्ट जी फोटोत कळत नाही. केसच्या आतली रिंग डायलची कड थोडी झाकते. मिनिटांच्या रेघा अगदी काठाला छापल्या असतील तर अर्ध्या रेघा रिंगखाली जातात आणि मग ती डायल कायम चुकीच्या केसमध्ये बसवल्यासारखी दिसते. डायल नुसती केसवर ठेवून वरून सरळ बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता येऊ त्या तीन डायलकडे, कारण खरी मजा इथं आहे.

पहिली काळी, सोनेरी अक्षरांची, ज्याला गिल्ट डायल म्हणतात. जुन्या खऱ्या गिल्टमध्ये सोनेरी शाई नसायचीच. पितळेच्या पॉलिश केलेल्या चकतीवर अक्षरं पारदर्शक लाखेनं झाकायची, मग सगळ्या चकतीवर विजेच्या प्रक्रियेनं काळा थर चढवायचा, आणि लाख काढली की खालचं पितळ अक्षर होऊन दिसायचं. भाऊ हे ऐकून खूश झाला, म्हणाला हे तर आपल्या चादरीसारखं झालं, नक्षी वर छापलेली नाही, विणतानाच आत आलेली. भिंगाखाली खऱ्या गिल्टचं अक्षर काळ्या थरापेक्षा जरासं खाली बसलेलं दिसतं आणि प्रकाश फिरला की पेटतं. आमच्या पुडीतली मात्र वरून सोनेरी शाईनं छापलेली निघाली, अक्षर वर उचललेलं दिसतंय बघा. स्वस्तातल्या बहुतेक अशाच असतात. वाईट नाही, पण त्या नावाचे पैसे देऊ नयेत.

दुसरी डायल पांढरी, आकड्यांवर अंधारात चमकणारा तपकिरी पिवळट रंग, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. हे जुनाट दाखवायला मुद्दाम रंगवलेलं असतं. जुन्या घड्याळांत खरंच रेडियम असायचं, ते वर्षानुवर्षांत जळून तपकिरी पडायचं, पुढं ट्रिटियम आलं, आणि 1990 च्या दशकापासून स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटचा किरणोत्सारी नसलेला रंग, तोच आता पिवळट करून विकतात. मला तो रंग काळ्या मॅट डायलवर आवडतो, खोटं कशाला बोलू. पण इथं डायल शुभ्र, काट्यांचा रंग हिरवट, आणि आकडे तेवढे पन्नास वर्षांचे, हे कुठूनच जुळत नाही. आणि हात जोडून सांगतो, घरात खरंच जुनं रेडियमचं घड्याळ असेल तर ते उघडून डायल खरवडू नका. ते आता अंधारात चमकत नाही कारण त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड संपलंय, रेडियम संपलेलं नाही, त्याचं अर्धआयुष्य 1600 वर्षं आहे आणि ती पूड श्वासात जाणं धोक्याचं.

तिसरी सेक्टर डायल. 1930 च्या दशकातलं हे वळण, एकात एक गोल, आतल्या गोलातून बाहेर निघालेल्या रेघा, आणि बारा, तीन, सहा, नऊ एवढेच मोठे आकडे. मळकट चंदेरी, मॅट, कुठलंही नाव नाही. नाव नसणं मला महत्त्वाचं वाटतं. मोठ्या कंपनीचं नाव छापलेल्या डायलही मिळतात, पण मग ते हौसेचं घड्याळ राहत नाही, नकली होतं.

निवड अण्णांनी केली, दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून, भर दुपारी. काळी चकचकीत डायल घुमटी काचेखाली धरली तर त्यांना स्वतःचा चष्माच दिसला. पांढरी दिसली पण आकडे बारीक. चंदेरी सेक्टर हातभर लांब धरली आणि म्हणाले, “ही दिसते. बारा कुठं, सहा कुठं, लगेच कळतं.” भाऊ अजून काळीकडेच बघत होता तर म्हणाले, “आता काय विचार करलालास? घालायचं मला आहे ना?”

मग काटे. चंदेरीवर चंदेरी काटे घेतले असते तर सगळं वाचणं गेलं असतं, म्हणून निळे. भोकाची मापं एनएचला तास 1.50, मिनिट 0.90, सेकंद 0.20, त्यात तडजोड नाही. आणि सेक्टर डायलला लांबी फार बघावी लागते, तास काट्याचं टोक आतल्या गोलाला टेकलं पाहिजे आणि मिनिट काट्याचं बाहेरच्या रेघांपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर ते गोल काढलेत कशासाठी? आधी घेतलेला सेट आखूड होता, काकांनी त्यांच्या डबीतून दुसरा काढून दिला.

काकांनी काटे बारावर बसवले, तास, त्यावर मिनिट, त्यावर सेकंद, आणि चावी फिरवून एकेक तासाला थांबून बघितलं, काटे एकमेकांना कुठं घासतात का. डायलवरचा धुळीचा कण चिकट काडीनं उचलला आणि मशीन केसमध्ये ठेवलं. पट्ट्याचं अजून ठरलेलं नाही. अण्णांना स्टीलचा ताणणारा हवाय, भावाला चामड्याचा, आणि काका म्हणतात उन्हाळा संपेपर्यंत चामड्याचं नावच काढू नका.