कार्बन शाफ्ट: खोक्यावरचा आकडा आणि काट्यावरचा

अचलपूरकडच्या एका वावराचा धुरा. ताडपत्रीवर बारा कार्बन शाफ्ट, म्हणजे धनुर्विद्येच्या बाणांचे कार्बनचे दांडे, मांडलेत, खोक्यावर छापलंय .००६. दुकानात याच्याच शेजारी .००३ आणि .००१ ची खोकी असतात आणि आकडा उतरला की भाव चढतो.

हा आकडा सरळपणाचा, इंचात. .००६ म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. बऱ्याचदा तिन्ही दर्जांचा माल एकच असतो. कारखान्यात शाफ्ट फिरवून मोजतात आणि वाक पाहून वेगळे काढतात. काही कंपन्या अधिक-उणे सांगतात, काही फिरवताना दिसलेला एकूण फरक. अधिक-उणे .००३ आणि एकूण .००६ हे एकच माप. खोकं घेताना हे आधी वाचा.

नुकतं ३० मीटरवर खेळू लागलेल्या पोरापोरींनी .००१ साठी पैसे मोडू नयेत. त्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर बाण जवळजवळ लागणं, सरळपणापेक्षा स्पाईन (शाफ्टचा ताठपणा) आणि वजनाने जास्त बिघडतो.

स्पाईन गावातही मोजता येते. २८ इंचांवर दोन टेकू, मधोमध हूकला ८८० ग्रॅम वजन. शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर लवला तर तो ५०० चा. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. आता वजन लटकतं ठेवून शाफ्ट हळूहळू फिरवा. बघा, एका बाजूला तो किंचित कमी लवतो. कार्बनचा थर जिथे एकावर एक चढतो, तिथे ताठपणा येतो. त्या बाजूला पेनाने खूण करा आणि बाराही नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत बसणारी खाच) त्याच खुणेला जुळवा. भरकटणारे बाण पुष्कळदा एवढ्यानेच ग्रुपमध्ये येतात.

वजनात चालणारा फरक ग्रेनमध्ये लिहितात. १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, त्यामुळे किराण्याचा काटा चालत नाही. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. अधिक-उणे २ ग्रेनच्या डझनात सगळ्यांत हलक्या आणि सगळ्यांत जड शाफ्टमध्ये पाव ग्रॅमचा फरक निघू शकतो. जवळच्या वजनांचे सहा-सहा वेगळे करा.

वाक बहुधा टोकांना असतो. ३२ इंचांचा शाफ्ट २८ वर आणताना दोन्हीकडून थोडा थोडा कापा. हॅक्सॉने कार्बनचे धागे उसवतात. पातळ कटिंग चकती घ्या, तोंडाला मास्क बांधा.

आता कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवा. तंतू अडकला तिथे चीर आहे. दोन्ही हातांनी, चेहऱ्यापासून लांब धरून शाफ्ट हलका वाकवा. करकर ऐकू आली तरी तो बाद. असा शाफ्ट सुटताना धनुष्य धरलेल्या हाताजवळच फुटू शकतो आणि त्याच्या काड्या हातात घुसू शकतात. तो तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या भात्यात जाणार नाही.