पोकलेनखाली फायरबर्ड

(दृश्य: मोकळी जागा. जमिनीवर गिटारी. निवेदनाआधी पंधरा सेकंद फक्त मूळ आवाज.)

या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी आहेत. शेकडो. एकीशेजारी एक, जमिनीवर आडव्या मांडलेल्या. आणि त्यांच्यावरून जाणारं हे पोकलेन. आधी नेक, म्हणजे गिटारीची लांब मान मोडते, मग धड. यंत्र पुढे जाऊन परत फिरतं, कारण काही गिटारी पहिल्या फेरीत पूर्ण मोडत नाहीत.

ही चित्रफीत २०१९ साली जगभर पसरली. ती इंटरनेटवर टाकली होती कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्यानं. कंपनी गिब्सन आणि मॉडेल फायरबर्ड एक्स.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, कॅलमाझूचा कारखाना)

गिब्सन हे नाव अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावचं. १९०२ साली तिथे कंपनी उभी राहिली, ती मँडोलिन आणि गिटार बनवण्यासाठी. पुढे कारभार टेनेसीतल्या नॅशविलला गेला आणि १९८४ मध्ये कॅलमाझूचा कारखाना बंद झाला. तिथल्या काही कारागिरांनी गाव सोडलं नाही. त्यांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावानं स्वतःची गिटार कंपनी काढली. या विटांच्या धुराड्याकडे पाहून घ्या. ज्यांचे हात त्या लाकडावर चालले होते, त्यांना ते सोडवत नव्हतं.

(दृश्य: १९६३ ची फायरबर्ड, जवळून)

मूळ फायरबर्ड आली १९६३ मध्ये. तिचा आकार काढला रे डिट्रिच यांनी. त्यांची हयात मोटारगाड्यांचे आकार काढण्यात गेली होती. धडाची ही एका बाजूला लांबलेली रेषा बघा. आता कॅमेरा मधोमध येतोय, तिथे लक्ष द्या. लाकडाच्या या उभ्या पट्ट्या दिसतात? महोगनी, अक्रोड, पुन्हा महोगनी. अशा नऊ पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. हा नेक धडाला नुसता जोडलेला नाही. तो खुंट्यांपासून निघून धडाच्या शेवटापर्यंत सलग जातो आणि धडाचे दोन पंख त्याला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. तार छेडली की कंप या सलग लाकडातून फिरतो. असा नेक बनवायला वेळ आणि माल दोन्ही जास्त लागतात, तरीही गिब्सननं तो बनवला.

(दृश्य: फायरबर्ड एक्सची जाहिरात)

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये याच नावाची नवी गिटार जाहीर झाली, फायरबर्ड एक्स. लाल आणि निळा असे दोन रंग. खुंट्यांमध्ये मोटरी, म्हणजे गिटार स्वतःच स्वतःला सुरात लावणार. आवाज बदलणारी सगळी सर्किटं धडाच्या आत. पायानं दाबायचे पेडल बिनतारी. किंमत ५,५७० डॉलर, आणि नग फक्त १,८०० काढणार असं कंपनीनं सांगितलं. वादकांनी पाठ फिरवली. इतके पैसे मोजून त्यांना गिटार हवी होती, त्यांच्यासमोर बटणांची यादी ठेवली गेली.

(दृश्य: पश्चिम घाट, शिसवाचं झाड. मग फ्रेटबोर्डची पट्टी)

आता हे झाड. आपला शिसव. सह्याद्रीतल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जगभरच्या कितीतरी गिटारींच्या फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर बोटं दाबतात त्या भागाला, याच लाकडाची पट्टी लागते. ज्या वर्षांत या फायरबर्ड एक्स बनत होत्या, त्याच वर्षांत, २००९ आणि २०११ मध्ये, गिब्सनच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारचे छापे पडले. पहिल्या वेळी प्रश्न होता मादागास्करच्या आबनुसाचा, दुसऱ्या वेळी भारतातून आलेल्या शिसवाचा आणि आबनुसाचा. भारतातून कापीव लाकूड बाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, तयार भाग पाठवता येतो. मग फ्रेटबोर्डसाठी कापलेली पट्टी कापीव लाकडात धरायची की तयार भागात? वाद याचा होता. २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या मालाबद्दल कंपनीनं तीन लाख डॉलर दंड भरला, भारतातलं लाकूड तिला परत मिळालं.

एका पट्टीवरून दोन देशांचे कायदे उलटेपालटे करून तपासले गेले. आणि अख्ख्या गिटारींसाठी पोकलेन आलं.

(दृश्य: पुन्हा चित्रफीत. निवेदन नाही.)

२०१८ मध्ये गिब्सननं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी मालक बदलले, प्रमुख बदलला. चित्रफितीवर ओरड झाली तेव्हा कंपनीनं खुलासा केला: या गिटारी २००९ ते २०११ मधल्या, त्यांतले भाग असुरक्षित, दुरुस्तीपलीकडच्या, दान देण्याजोग्या नाहीत. कंपनीच्या फाउंडेशननं हजार दिवस रोज एक गिटार देण्याचंही जाहीर केलं.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल, साधी इलेक्ट्रिक गिटार)

हे आम्ही मुद्दाम चित्रित केलं. गिटार दुसरी आहे, साधी आहे. कारागीर मागचं झाकण उघडतोय, चार स्क्रू. आत वायरी, दोन पॉट (बटण फिरवलं की आवाज बदलणारे भाग), एक स्विच. तापलेली सोल्डरगन टेकवली की कथील वितळतं आणि वायर सुटते. एक, मग दुसरी. आता पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारे भाग, वर उचलून काढले. खुंट्या मागून स्क्रूनं बसवलेल्या, त्याही निघाल्या. उरलं ते लाकूड, फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी लोखंडी सळई. "लाकूड सरळ असेल तर बाकी काहीही बदलता येतं," कारागीर म्हणतो. तो आता साधे पिकअप बसवतोय, एक आवाजाचं बटण, एक टोनचं.

(दृश्य: तारा चढवताना बोटं, जवळून)

कंपनीच्या खुलाशात असुरक्षित भाग कोणते, ते लिहिलेलं नव्हतं. बॅटरी असो, मोटर असो, सर्किट असो, ते बाहेर काढता येतं. काढून त्याची वेगळी विल्हेवाट लावता येते. हेडवरचं, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरचं नाव तासून टाकता येतं, म्हणजे कुणी ती गिब्सन म्हणून विकणार नाही. उरलेली धडं आणि नेक वाद्यं बनवायला शिकणाऱ्या पोरांच्या हातात देता आले असते. फ्रेट घासायला, सळई पिळायला, नेकचा बाक काढायला शिकण्यासाठी त्यांना असंच लाकूड लागतं. माणसं लावून गिटारी उघडायला पोकलेनच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे लागले असते, हे मान्य. ज्या वाद्याला तुम्ही ५,५७० डॉलरची चिठ्ठी लावली होती, त्यावर तेवढा खर्च तुम्ही करायलाच हवा होता.